बिनगिअरच्या गाडीचं गाऱ्हाणं

"अहो, आज काय झालं माहितीये?" चपला काढता काढता लक्ष्मी म्हणाली, "धनेशच्या गाडीत मला चक्क झोप लागली. भारतमाताच्या सिग्नलला डोळा मिटला, तो दादरलाच उघडला. त्याने 'ताई, आलं' म्हणून हाक मारली तेव्हा कळलं."

लवू परब बशीत चहा ओतत होता. ओतायचा हात थांबला नाही आणि बशी कधीच भरली होती.

"झोप लागली?"

"गाढ."

"म्हणजे, तोंडबिंड उघडं टाकून?"

"ते मला कसं कळणार? झोपले होते ना मी! आणि चहा बघा, सगळा पायजम्यावर चाललाय."

चटका मांडीला बसला होता खरा, पण लवूला लागलं ते भलतीकडेच. बावीस वर्षं त्याच्याकडे गाडी होती. त्या गाडीतून त्याने लक्ष्मीला काळाचौकीहून सावंतवाडीला नेलं होतं, आंगणेवाडीच्या जत्रेला नेलं होतं, लग्नाबारशांना आणि मयतांनाही नेलं होतं. बारा-बारा तासांच्या त्या वाटांवर ही बाई कधी पापणी मिटून बसली नव्हती. आणि साडूच्या गाडीत, लालबाग ते दादर एवढ्याशा अंतरात, गाढ? बाईमाणूस झोपतं कुठे? तर जिथे जिवाला घोर नाही तिथे. लवूने हा हिशेब मनात मांडला आणि त्याचं उत्तर त्याला काही केल्या आवडेना.

लवू गिअरपेटीचा माणूस. कॉटन ग्रीनच्या वाटेवर त्याचं गॅरेज होतं आणि काळाचौकीत कुणाची गाडी दुसऱ्या गिअरात कुरकुरली की लोक आधी देवाचं नाव घेत आणि मग लवूचं. गाडी कोपऱ्यावरून वळली की तो घरात बसून सांगायचा, "ह्याची क्लचप्लेट महिनाभराची सोबतीण." त्याच्या संसाराची मांडणीसुद्धा तशीच होती. उजव्या हातात स्टिअरिंग, डाव्या हाताशी गिअर आणि गिअरच्या पलीकडे लक्ष्मी. पहिला, दुसरा, तिसरा टाकताना हाताचं कोपर तिच्या पदराला लागायचं. बावीस वर्षं लागत होतं. त्यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलंही नव्हतं, पलीकडची जागा रिकामी होईपर्यंत.

झालं होतं असं की श्रावणात लक्ष्मीची मान धरली. दादरच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, मंगळवार-गुरुवार यायचं आणि येताजाताना धक्के, हिसके अजिबात नकोत. लक्ष्मीची धाकटी बहीण वैशाली आणि तिचा नवरा धनेश लवूच्याच टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायचे. धनेश विमा कंपनीचं काम घरूनच करायचा आणि त्याने नुकतीच नवी गाडी घेतली होती, सीव्हीटीवाली, म्हणजे बिनगिअरची. तिला क्लच नव्हता आणि गिअर बदलल्याचा धक्काही नव्हता. धनेश स्वतःहून म्हणाला, "ताईला मीच नेतो-आणतो." आणि लक्ष्मी नवऱ्याचं मन राखत म्हणाली, "तुम्हाला कुठे जमणार, गॅरेज असतं ना तुमचं." त्या राखलेल्या मनाचेच आता निखारे झाले होते.

त्या संध्याकाळपासून लवूने सीव्हीटीचा अभ्यास सुरू केला. दोस्ताच्या पोराने त्याला फोनवर व्हिडिओ काढून दिले. लवू चष्मा नाकावर उतरवून ते बघायचा आणि एखाद्या स्थळाची खोट काढणाऱ्या मामासारखा मान हलवायचा. पंधरा दिवसांत त्याला ती पेटी पाठ झाली. कुठे काय बिघडतं, ते जास्तच पाठ झालं. मग एका रविवारी तो चौदाव्या मजल्यावर चहाला गेला आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्र काढू लागला.

"हे बघ साडूभाऊ. ह्या दोन कप्प्या. प्रत्येक कप्पी म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन शंकू. मधून पोलादाचा पट्टा. शंकू जवळ आले की पट्टा वर चढतो, लांब गेले की आत उतरतो. ह्यालाच तुम्ही गिअर म्हणता. बरोबर?"

"बरोबर, लवूदादा. किती सोपं करून सांगितलंत!" धनेश मनापासून म्हणाला. हा माणूस इतका सरळ होता की त्याच्याशी भांडायला दुसराच कुणीतरी सोबत न्यावा लागे.

"सोपं नाय रे, नाजूक आहे. मुंबईचं ट्रॅफिक, थांब-चाल, थांब-चाल. तेल तापतं. तापलं की पातळ होतं आणि पट्टा घसरतो. घसरला की शंकूवर चरे. आणि काही कंपन्या सांगत होत्या, तेल आयुष्यभर बदलू नका. कुणाच्या आयुष्यभर? पेटीच्याच ना!"

"ते पहिल्या पहिल्या गाड्यांत व्हायचं, दादा. आता बदल केलेत ना. तेल ठरल्या किलोमीटरला बदलायचं असं पुस्तकातच लिहिलंय. तेल थंड करायला वेगळा कूलर असतो. काही गाड्यांत पट्ट्याच्या जागी साखळी आहे. आणि काहींत तर सुरुवातीला एक खराखुरा गिअर दिलाय. गाडी गिअरवर हलते, वेग आला की मग पट्ट्यावर जाते. म्हणजे पट्ट्याला ओझं नको."

"बघ!" लवूने मांडीवर थाप मारली. "शेवटी आलेच ना गिअरवर! जन्मभर लग्न करणार नाय म्हणून मिरवायचं आणि चाळिशीला मुंडावळ्या बांधायच्या, त्यातली गत."

"भावजी, तुम्ही एकदा चालवून तर बघा," वैशाली आतून म्हणाली.

"मी पाळण्यात बसत नाय, गो," लवू म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

तो घरी आला तेव्हा लक्ष्मी भांडी विसळत होती. आईकडून आलेल्या ओव्या तिच्या तोंडात असायच्याच आणि एखादी कमी पडली तर ती तिथल्या तिथे विणायची.

"जळे लाकूड चुलीत, धूर भरे घरभर ग,
जळे धनी उंबऱ्यात, त्याला दिसेना धूर ग."

"हे कुणावर?" लवूने विचारलं.

"चुलीवर," लक्ष्मी म्हणाली.

मग दसरा आला. सोसायटीच्या आवारात सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून ओळीने उभ्या राहत. त्यांची पूजा लवूच्या हातची आणि गाऱ्हाणंही त्याचंच. हा मान वडिलार्जित होता. त्याचा बाप गिरणीत दसऱ्याला कापड विणायच्या साच्यांसमोर उभा राहून गाऱ्हाणं घालायचा, तेव्हा म्हणे तीनशे कामगारांच्या 'व्हय म्हाराजा'ने पत्रे हलायचे. गिरणी गेली, चाळ जाऊन टॉवर आला, पण गाऱ्हाणं राहिलं. त्याची रीत ठरलेली होती. देवाला हाक मारायची, ज्याचं काम त्याचं नाव घ्यायचं, येऊ शकणारी संकटं एकेक करून सांगायची आणि शेवटी म्हणायचं, 'ता सगळा दूर कर म्हाराजा.' दर वाक्याला लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग नारळ.

त्या वर्षी पहिली गाडी धनेशची, नवी म्हणून. ती फाटकाच्या तोंडाशी उभी होती. तिच्या मागे सोसायटीचे सेक्रेटरी जयवंत राणे यांची आणि त्यांच्या मागे आणखी आठ. लवूने धनेशच्या गाडीत वाकून स्टिअरिंगला कुंकू लावलं, गिअरच्या दांड्याला हळद लावली आणि त्यावर अक्षता टाकल्या. बाकीच्या गाड्यांना तो चिमूटभर टाकायचा. इथे मूठभर टाकल्या. आतून जळणाऱ्या माणसाचा आहेर नेहमी मोठा असतो.

तेवढ्यात वैशाली लक्ष्मीला म्हणाली, "ताई, पूजा झाली की पहिली फेरी तुझी हां. पुढच्या सीटवर तूच बस." आणि लक्ष्मी लाजल्यासारखी हसली. लवूने ते बघितलं. नारळ हातात घेतला. डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! बारा वाटेच्या, बारा येशीच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या आमच्या धनेशान नवी गाडी घेतल्यान हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका क्लच नाय, तिका गिअर नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत आवाज देवाकडे जात होता. पुढे तो कुठे वळला ते लवूलाही कळलं नाही.

"दोन कप्प्यांच्या मधी एक पोलादाचो पट्टो हा. तो ट्रॅफिकात तापतलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तापलो काय घसरतलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेल काळा पडतला. गाडी थरथरतली. चढावार इंजिन बोंब मारतला, पण गाडी जाग्यावरना हलाची नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्यात जयवंत राण्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

"आणि वॉरंटी संपली काय दुसऱ्याच दिवशी सगळी पेटी बसतली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लवूच्या कपाळावर घाम होता आणि छातीत फार दिवसांनी गार वाटत होतं. त्याने डोळे उघडले आणि खाडकन नारळ फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं तांत्रिक गाऱ्हाणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. खोबरं वाटलं गेलं. लक्ष्मी पदर सावरून पुढच्या सीटवर बसली. चाकांखाली लिंबं ठेवली. धनेशने गाडी चालू केली, ब्रेक दाबला आणि दांडा ओढला.

दांडा हलला नाही.

पुन्हा ओढला. नाही. ब्रेक सोडून पुन्हा दाबला, गाडी बंद करून पुन्हा चालू केली, दोन्ही हातांनी ओढलं. दांडा पार्किंगच्या खुणेवर खिळा मारल्यासारखा उभा.

"काय झालं?" वैशालीने विचारलं.

"जाग्यावरून हलत नाहीये," धनेश म्हणाला.

'जाग्यावरना हलाची नाय' हे शब्द अजून हवेत ओले होते. जयवंत राण्यांच्या तोंडातलं खोबरं चावायचं थांबलं.

"लवू," ते हळूच म्हणाले, "तू 'दूर कर' म्हणालास का रे?"

"म्हणजे?"

"संकटं सगळी सांगितलीस. मी मोजत होतो. पण शेवटी 'ता सगळा दूर कर' म्हणायचं असतं. ते म्हणालास?"

लवूने आठवून बघितलं. नव्हता म्हणाला.

"म्हणजे ह्याने देवाला नुसती यादी दिली!" राणे ओरडले. "आणि आपण सगळे बसलोय व्हय-व्हय करत! अरे, माझी पण सीव्हीटीच आहे रे! मी सगळ्यात मोठ्याने म्हटलं!"

मग जो गोंधळ झाला त्याला पार नव्हता. कुणी म्हणे पुन्हा गाऱ्हाणं घाला. पण नारळ तर सगळ्यांच्या पोटात गेला होता. कुणी म्हणे गाडी ढकला. पण पार्किंगला अडकलेल्या गाडीची चाकंच बांधलेली असतात. दहा जणांनी जोर लावला तेव्हा फक्त लिंबं फुटली. मागच्या आठ गाड्यांतले हॉर्न वाजवू लागले. एकाला सासुरवाडीला जेवायला जायचं होतं, एकाच्या डिकीत श्रीखंड होतं. आणि ह्या सगळ्यात लक्ष्मी पुढच्या सीटवर ताठ बसून काचेतून लवूकडे बघत होती. बावीस वर्षांत ती इतकं स्पष्ट कधी गप्प बसली नव्हती.

खोटं कशाला बोला, लवूला पहिल्या क्षणी गुदगुल्या झाल्या होत्या. पट्ट्याने शब्द पाळला, असंच त्याला वाटलं. पण लक्ष्मीची नजर बोचली आणि गुदगुल्यांचे काटे झाले.

"सरा," तो म्हणाला. "स्क्रूड्रायव्हर द्या."

आयुष्यात पहिल्यांदा लवू परब बिनगिअरच्या गाडीत बसला. दांड्याभोवतीची पट्टी त्याने अलगद उचकटली. गिअरच्या गाडीत दांड्याच्या बुडाशी चामड्याचा घोळदार झगा असतो. वर काय पडलं तरी झग्यात राहतं. ह्या दांड्याला झगा नव्हता, सरळ उघडी चीर होती. आणि त्या चिरेत, दांडा सोडणाऱ्या बारीकशा खिट्टीच्या मागे, कुंकवाने माखून घट्ट बसलेले होते तांदळाचे आठ-दहा दाणे. त्याच्याच मुठीतले.

म्हणजे पट्टा ठणठणीत होता, तेलही आणि शंकूही. पेटीला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"काय सापडलं, लवूदादा?" धनेशचं डोकं खिडकीतून आत आलं. त्याच्यामागे राण्यांचं, राण्यांच्या मागे आणखी पाच.

लवूने दाणे मुठीत घेतले. मूठ कुठे न्यावी कळेना. तेव्हा ती तोंडाकडे नेली.

"हं," तो म्हणाला. तोंड भरलेलं होतं.

"काय होतं?"

लवूने दाणे गिळले. "पट्टा. जरा घसरला होता. बसवला."

"पण पट्टा तर खाली, पेटीत असतो ना?" धनेशने निर्मळपणे विचारलं.

"वरून दाबला," लवू म्हणाला.

दांडा ओढला, गाडी लोण्यासारखी पुढे सरकली आणि फाटक मोकळं झालं. लोकांनी लवूच्या पाठीवर थापा मारल्या. खोटं एकदा दारात आलं की ते एकटं येत नाही, सोबत पाहुणे आणतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत राणे गाडी घेऊन गॅरेजच्या दारात हजर.

"लवू, माझा पण पट्टा वरून दाबून दे रे."

"तुमचा घसरला नाय अजून."

"घसरायच्या आधीच दाब ना. मी सगळ्यात मोठ्याने व्हय म्हटलंय."

लवूने दांड्याभोवती तळहात ठेवून गंभीर चेहऱ्याने दाबलं. राणे म्हणाले, "वा! फरक पडला," आणि गेले. दुपारपर्यंत आणखी तिघे आले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'सीव्हीटीवाल्यांनी लवूदादांकडून महिन्यातून एकदा दाबून घ्यावे.' लवूने फोन पालथा ठेवला.

ताटावर बसला तेव्हा लक्ष्मीने वाढता वाढता सहज म्हटलं, "पोट बरंय ना?"

"का?"

"कच्चे तांदूळ बाधतात म्हणे. त्यात कुंकू."

लवूचा घास हातात राहिला. ती गाडीतच तर बसली होती, हातभर अंतरावर. लक्ष्मीने त्याच्या पानात शांतपणे आमटी वाढली.

पण खरा घोळ झाला तो धनेशमुळे. त्याने गाडीवर कव्हर घातलं. "दादांनी दाबलाय म्हणून चालतेय," तो वैशालीला म्हणाला, "पण हिंदमाताच्या पुलावर पुन्हा घसरला तर? ताईला मानेचं दुखणं. मी नाही धोका घेणार. विकून टाकतो." रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक यायचंही ठरलं.

आणि मंगळवारी लक्ष्मी लवूच्या गाडीत बसली, गिअरच्या पलीकडे, आपल्या जागेवर. लवूला जे हवं होतं ते देवाने यादीतही नसताना दिलं होतं. त्याने त्या दिवशी जन्मात चालवली नसेल अशी गाडी चालवली. क्लच असा सोडला, जसं निजलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा. पण परळचा रस्ता तो परळचाच. बसच्या मागे पहिला, पुलाच्या तोंडाशी दुसरा, सिग्नलला पुन्हा पहिला. दर वेळी लक्ष्मीचा डावा हात नकळत मानेवर जायचा. ती मात्र बोलत होती. वैशालीच्या नणंदेचं, मार्केटमधल्या कोळणीने पापलेट म्हणून काय गळ्यात मारलं त्याचं. कोळणीची नक्कल करताना हातवारे केले आणि लवू हसला, तीही हसली, आणि हसता हसता "आई गं" म्हणून मान धरून बसली.

"दुखतंय?"

"नाही हो. हसल्यामुळे."

बुधवारी तिला उशीवरून मान उचलता येईना.

लवू पायजम्यावरच चौदाव्या मजल्यावर गेला. लिफ्टसाठी थांबायचा धीर नव्हता म्हणून जिने चढला आणि दारात पोचला तेव्हा बोलायला श्वास उरला नव्हता.

"गाडी... विकू नको."

"या ना दादा, बसा आधी."

"बसत नाय. पट्टा घसरला नव्हता. तांदूळ होते. माझे. मूठभर टाकले मी, चिरेत गेले. मग मी ते खाल्ले."

धनेश बघतच राहिला. "खाल्ले?"

"आता पुरावा कुठे ठेवणार होतो? गाऱ्हाण्यात 'दूर कर' राहिलं, ते पण मुद्दाम नाय, पण..." लवूने मान खाली घातली. "पण मनात नव्हतंच ते, म्हणून राहिलं. ती तुझ्या गाडीत झोपते, धनेश. माझ्या गाडीत बावीस वर्षांत झोपली नाय. मी जळलो. तुझी पेटी चांगली आहे. वेळेवर तेल बदललंस तर माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

धनेश खुर्चीत मटकन बसला.

"दादा, गाडी मला तशी विकायचीच होती. पट्ट्याचं निमित्त बरं झालं होतं."

"का?"

"सगळे झोपतात हो माझ्या गाडीत!" त्या सरळ माणसाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वैशाली बसली की झोपते. ताई बसल्या की झोपतात. आईला गावी नेलं, पनवेल गेलं नाही तर घोरायला लागली. मी एकटाच बसतो समोर बघत. ब्रेक दाब, सोड. ब्रेक दाब, सोड. बोलायला कुणी नाही आणि हातालाही काम नाही. काल मी चालत परळला गेलो होतो. सिग्नलला तुमची गाडी उभी. ताई हातवारे करून कायतरी सांगत होत्या आणि तुम्ही दोघं असे हसत होतात, असे हसत होतात..." तो थांबला. "काय सांगू दादा, अंगाची लाही लाही झाली माझ्या."

लवूने त्याच्याकडे बघितलं. आपला जळफळाट दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कसा दिसतो, ते त्याला पहिल्यांदा कळलं. फार ओळखीचं दिसत होतं.

"मला शिकवाल?" धनेश म्हणाला. "क्लचची गाडी. लायसन्स काढलं तेव्हापासून कधी चालवलीच नाही."

लवूची छाती चार बोटं फुगली. खाली उतरताना त्याला जिने चौदाच्या ऐवजी चार वाटले.

मान बरी होईपर्यंत लक्ष्मी धनेशच्याच गाडीतून गेली, झोपून गेली आणि झोपून आली. लवूने ते मोठ्या मनाने सोसलं. दिवाळी उलटली, फिजिओवाल्या बाईंनी 'आता येऊ नका' म्हणून सांगितलं आणि त्याच रविवारी सकाळी शिवडीच्या गोदामांकडच्या मोकळ्या रस्त्यावर धनेशचं शिक्षण सुरू झालं. लवूच्या गाडीच्या स्टिअरिंगवर धनेश, शेजारी गुरुस्थानी लवू. लक्ष्मी म्हणाली, "मी पण येते, घरी बसून काय करू?" आणि मागे बसली.

धनेशने क्लच सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"हे बघ," लवूने घसा साफ केला, "क्लच म्हणजे काय, तर दोन तबकड्या..."

"अरे, तबकड्या राहू देत," लक्ष्मी दोन सीटांच्या मधून पुढे वाकली. "हळू सोड. बाळाच्या मानेखालून हात काढतात ना, तसा. गाडी जराशी थरथरेल, तिथे पाय थांबव. थरथरली? आता सोड."

गाडी अलगद निघाली.

"ताई!" धनेश ओरडला. "जमलं!"

"आवाज ऐक. भरून आला ना? आता दुसरा. असा खाली नाही, मनगट सैल ठेव. हां."

लवू तिच्याकडे वळून बघत राहिला. ही बाई कधी स्टिअरिंगला शिवली नव्हती. मनगट सैल ठेवायचं, हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. ते फक्त त्याचा हात करायचा. म्हणजे इतकी वर्षं ती डोळे उघडे ठेवून बघत होती, ते हेच.

हे तिला सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी पुन्हा बेडूक झाली आणि लक्ष्मी खळखळून हसली. धनेशही हसला. तिने धनेशच्या खांद्यावर थाप मारली आणि कोळणीची ती नक्कल सुरू केली, तीच, हातवाऱ्यांसकट. धनेश स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. गुरुस्थानी बसलेल्या माणसाला गेली दहा मिनिटं कुणी काही विचारलं नव्हतं.

लवू चुळबुळला. खिडकीबाहेर बघितलं. मग घसा खाकरून शक्य तितक्या मायेने म्हणाला, "लक्ष्मी, मान आत्ताच बरी झालीय तुझी. जरा मागे टेकून डोळे मीट ना. एक डुलकी काढ."

"डुलकी? ह्या गाडीत?" लक्ष्मी म्हणाली. "धनेश, तिसरा टाक."